शंभरावा गोल कुणाचा?

रफीक, गड्या, आधी माझी बाजू ऐकून घे. तुझ्या मयतीला आलेली माणसं "पहिल्यांदाच दहाच्या आत पराभव! हार्दिक अभिनंदन!!" या बॅनरखाली बसली होती, आणि त्यात माझा काडीचा दोष नव्हता.

ऊन असं पडलं होतं की मिरजेतले कावळे डोक्यावर पंख धरून चालत होते. लग्नसराई ऐन भरात. मांडववाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, एकही कापड शिल्लक नाही, नवरदेवसुद्धा उन्हात बसलेत. तुझ्या दारात गल्लीभर माणसं उभी, त्यात म्हातारी किती! तेव्हा आपल्या फुटबॉल क्लबची पोरं सुटली. तू छापलेले जुने बॅनर कुठं कुठं आहेत हे त्यांना पाढ्यांपेक्षा पाठ. एक म्हशीच्या गोठ्यावरून काढला, एक कडब्याच्या गंजीवरून, एक भजीच्या गाड्यावरून. एक तर पाण्याच्या टाकीवर चढून आणला. अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीवर सावली. खाली माणसं मान खाली घालून बसलेली, आणि वर तुझं सगळं आयुष्य मोठमोठ्या अक्षरांत: "क्लबला पहिला कॉर्नर मिळाल्याबद्दल अभिनंदन." "चि. आसिफने स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली." "धनश्रीने अडवलेला पन्नासावा गोल." त्या म्हशीच्या गोठ्यावरच्या बॅनरला शेणाचा वासही होता, पण कुणी नाक धरलं नाही. तेवढा मान तू कमावलास.

तुझ्या मोहल्ल्यातले ते पांढऱ्या दाढीचे चाचा बराच वेळ वर बघत बसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आवं संभाभाऊ, ते दहाच्या आत म्हंजे किती?"

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ गोल खाल्लं? आणि अभिनंदन?"

"रफीक म्हणायचा, व्हय."

चाचांनी दाढीवर हात फिरवला, परत वर बघितलं, आणि मग त्यांना हसू आवरेना म्हणून ते तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यात जाऊन बसले. लोकांना वाटलं, रडतायत. मी जवळ गेलो, तर रडतही होते.

आता मी तुझ्याशी भांडणार आहे. तू मध्येच उठून जाऊ शकत नाहीस, एवढीच तुझी आता अडचण.

मिरजेत घर तिथं दवाखाना. बाहेरची माणसं तिकीट काढून इथं मरण चुकवायला येतात. तुझ्या दुकानाच्या डाव्या बाजूला हाडांचा डॉक्टर, उजव्या बाजूला कानाचा, आणि समोर, रस्ता ओलांडला की, हृदयाचा! तू सोळा पावलं चालला असतास तर भागलं असतं. मी मोजलीत, परवा. मधल्या खड्ड्याला वळसा घालून सतरा. आणि तू काय केलंस? "ॲसिडिटी हाय," म्हणून सोडा प्यायलास. हृदयाच्या डॉक्टरच्या पाटीचं फ्लेक्स तूच छापलंस; वरचं ते लालभडक हृदय तूच काढलंस, आंब्यासारखं. दुसऱ्याचं हृदय एवढं मोठं काढणाऱ्या माणसाला स्वतःचं कळू नये?

जाऊ दे. यावर बोलायला लागलो की मला शिव्या सुचतात, आणि स्मृतिलेखात शिव्या चालत नाहीत म्हणे.

आपला क्लब कसा सुरू झाला हे मी लोकांना इतक्या प्रकारे सांगितलंय, की खरं कुठलं ते मलाच आठवत नाही. पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार? मी सायकलच्या पंक्चरी काढणारा माणूस. घराणं मेंढरं राखणारं, जतकडचं. फुटबॉलचा आणि आमचा संबंध एवढाच, की रेल्वेच्या मागच्या पटांगणातली पोरं माझ्याकडं चेंडूत हवा भरायला यायची. मिरजेत फुटबॉल कळणारे पुष्कळ, पण त्या पोरांना शिकवायला कुणी रिकामं नव्हतं. पंप माझ्याकडं होता, म्हणून मी कोच झालो. पहिल्या वर्षी पाच पोरं. त्यातलं एक चुकून आलेलं, त्याला क्लासला जायचं होतं.

आणि मग तू बॅनर लावलास. आपण पंधरा-शून्य हरलो होतो, पण मधे कुणाच्या तरी चुकीनं आपल्याला एक कॉर्नर मिळाला होता. मी घरी तोंड लपवून बसलो होतो. सकाळी उठून चौकात बघतो, तर वीस फुटी बॅनर! मागं सिंह, त्याच्या मागं विमान, त्याच्याही मागं कुठल्या तरी परदेशातल्या उंच इमारती, आणि मध्ये आपली पाच पोरं, सुटाबुटात, गळ्यात सोन्याच्या साखळ्या! तुझ्याकडं धडं तेवढी तयार असायची, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची. तू फक्त मुंडकी बदललीस. आसिफच्या आईनं पोराला ओळखलंच नाही, "हा कोण नवीन नगरसेवक?" म्हणून विचारत होती. तो बॅनर इतका मोठा होता की सोलापूरकडून आलेली गाडी स्टेशन आलं समजून थांबली. दोन माणसं उतरलीसुद्धा.

मी तुझ्या दुकानात पळत आलो. "आरं, पंधरा गोल खाल्ले आपण! लोक शेण घालतील तोंडात."

तू छापायच्या यंत्रावरून मानसुद्धा वर केली नाहीस. "पंधरा त्यांनी मारलं. त्यांचा बॅनर त्यांनी लावावा. आपला कॉर्नर आपण लावला."

पुढच्या आठवड्यात सव्वीस पोरं पटांगणात. प्रत्येकाच्या आईबापाला आपलं लेकरू चौकात सिंहाच्या पुढं बघायचं होतं. धनश्रीच्या बापाची गोष्ट मी अजून कुणाला सांगितली नाही, तुला माहीत आहे. "पोरगी चेंडूमागं धावणार? शोभतं का?" म्हणून तो माझ्या दुकानात येऊन पंप उचलून आपटून गेला होता. ती आपली गोलकीपर, आणि आपल्याकडं गोलकीपरला काम किती असतं हे काय सांगायचं! तिच्या पन्नासाव्या अडवलेल्या गोलाचा बॅनर तू मुद्दाम त्याच्या चहाच्या टपरीसमोर बांधलास. त्या दिवसापासून बाबा रोज गिऱ्हाइकाला चहा देताना मान वर करायचा. गिऱ्हाइकानं विचारावं, "कोण वो ही?" की यानं सावकाश, गाळणी झटकत सांगावं, "हाय एक पोरगी. आमचीच हाय." पावसाळ्यात तू तो बॅनर काढायला आलास तेव्हा त्यालाच शिडी धरायला लावलीस, आठवतं?

बाकीचे फ्लेक्सवाले बॅनरच्या खाली स्वतःचं नाव आणि नंबर टाकतात, शुभेच्छुकांपेक्षा मोठ्या अक्षरात. तू कधी टाकलं नाहीस. मी कितीदा म्हणालो, कोपऱ्यात एक तुझा फोटो तरी लाव. तर म्हणायचास, "माझं थोबाड लावलं की फ्लेक्स फाटतंय." मुद्दा टाळायला तुझ्याइतका हुशार माणूस मी पाहिला नाही. आणि तुझ्या गाठी! तू नायलॉनच्या दोरीनं बांधलेला बॅनर वादळाला हलायचा नाही. एकदा वादळात खांब वाकला, पण गाठ तशीच. सोडवायला विळा लागायचा. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढं लागणार आहे.

आता साताऱ्यावर येतो. यायलाच पाहिजे.

आपले नव्व्याण्णव गोल झाले होते. एवढ्या वर्षांत नव्व्याण्णव. काही क्लब तेवढे दिवाळीच्या सुट्टीत मारतात, पण ते सोड. तू दोन बॅनर घेऊन टेम्पोत बसलास. एक "नव्व्याण्णव झाले, आता एकच!" आणि दुसरा गुंडाळलेला, शंभराचा. गोल व्हायच्या आधी बॅनर छापणारा जगातला एकमेव माणूस तू. त्यात मध्ये एक पांढरा गोल रिकामा सोडलेला, गोल मारणाऱ्याच्या फोटोसाठी, आणि त्याखाली कोरी पट्टी. "नाव जाग्यावर हातानं लिवणार," म्हणालास, आणि रंगाचा डबा आणि ब्रश मांडीवर घेऊन मिरज ते सातारा बसलास. उंब्रजजवळ खड्डा आला तेव्हा तो डबा माझ्या पँटीवर सांडला. ती पँट अजून आहे. निळी.

किल्ल्याखालच्या त्या मैदानावर वारा असा, की कॉर्नरचे झेंडे कोरेगावकडं तोंड करून वाकलेले. मध्यंतराला बाजू बदलल्या, तसा तू नव्व्याण्णवचा बॅनर त्यांच्या गोलच्या मागं दोन बांबूंना बांधलास. मी म्हणालो, "आरं, त्यांच्या गोलमागं कशाला?" तू म्हणालास, "आपला गोल तिकडंच होणार न्हवं? पोरांना दिसाय नको?"

दुसरा हाफ. आपण सहा-शून्य मागं. आसिफनं चेंडू सरकवला, आणि त्याच क्षणी तो बॅनर सुटला! तुझ्या हाताची गाठ सुटली, रफीक! वीस फुटांचं फ्लेक्स हवेत उठलं, गोलच्या जाळीवरून पलीकडं आलं आणि त्यांच्या गोलकीपरला पायापासून डोक्यापर्यंत असं गुंडाळलं, जशी आई बाळाला दुपट्यात बांधते. पोरगं आतून ओरडतंय, बाहेर फक्त "आता एकच!" एवढी अक्षरं हलतायत. आणि चेंडू, कसली घाई नाही, रविवारी बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा, डुलत डुलत, थांबत, आत गेला.

रेफरीनं शिट्टी वाजवली. गोल!

सातारकर हसून हसून जमिनीवर लोळले. त्यांच्या कोचनं हात हलवून गोल देऊन टाकला. सहा गोल पुढं असल्यावर माणसाचं मन मोठं होतं. मैदानात एकच माणूस हरकत घ्यायला धावला. मी. स्वतःच्या टीमच्या गोलाविरुद्ध! "हा गोल होत नाही," म्हणालो. "बाहेरची वस्तू मैदानात आली. नियमात बसत नाही." रेफरी माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "आवं, तुमचाच गोल हाय. गप घ्या की पदरात."

तेवढ्यात तू शंभराचा बॅनर आणि ब्रश घेऊन धावत आलास. तुला एवढं धावताना मी तेव्हाच बघितलं, एकदाच. "नाव सांग! कुणाचं लिवू?"

"कुणाचंच नको."

"आसिफनं मारला की!"

आसिफ प्रामाणिक. तुला म्हणाला, "चाचा, म्या मारलाच न्हाई. पास देत हुतो."

"ऐकलंस?" मी म्हणालो. "बॅनरनं मारलेला गोल आपल्या वहीत चढणार नाही. आपले नव्व्याण्णवच."

"बॅनर आपलाच खेळाडू हाय, संभा. बारावा!"

"वहीत चढणार नाही."

परतीच्या वाटेवर सगळा टेम्पो हसत होता, पोरं गोलकीपरची नक्कल करत होती, सीटच्या खोळीत डोकी घालून. आपण दोघं तेवढे टेम्पोच्या दोन टोकांना. कऱ्हाडला चहा प्यायलो तोही वेगवेगळ्या टपरीवर.

त्यानंतर चार महिने. चार महिन्यांत आपल्याला खरा गोल काही झाला नाही. चेंडू खांबाला लागला, रेफरीला लागला, एकदा कुत्र्याला लागला. जाळीला लागला नाही. शंभराचा बॅनर तुझ्या दुकानात कोपऱ्यात उभा, गुंडाळलेला. मी गेलो की तू पहिलं त्याच्याकडं बघायचास आणि मग माझ्याकडं.

शेवटच्या सोमवारी मी पाटीचं काम घेऊन आलो होतो. तू म्हणालास, "टांगू का आता? पोरं विचारत्यात."

"खरा गोल होऊ दे."

"तू लय खरा, गड्या," तू म्हणालास. "तुझ्या खरेपणावर पापड वाळत घालावं. कडक वाळतील."

मी तावातावानं निघून आलो. पाटी तिथंच राहिली. गुरुवारी तू सोडा प्यायलास.

आता जे कधी बोललो नाही ते सांगतो, आणि एकदाच सांगतो. ते नियमाचं वगैरे सगळं झूट होतं. नियमाचं एवढं असतं तर मी आपल्या आठ वर्षांच्या पोरांच्या सामन्यात चोवीस खेळाडू उतरवले नसते. मला राग होता तो वेगळाच. कुठंही गेलो, कवठ्याला, पाटणला, पार खंडाळ्याला, लोक म्हणायचे, "आला, तो बॅनरवाला क्लब आला." कोच कोण, कुणी विचारत नव्हतं. दर रविवारी उन्हात ओरडून माझा घसा गेला आणि नाव झालं तुझ्या सिंहाचं आणि विमानाचं. मला वाटलं, निदान शंभरावा गोल तरी फुटबॉलनं व्हावा. तो तरी रफीकचा नको. बस्स, एवढंच होतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि आसिफसुद्धा जे करणार नाही ते मी केलं.

आणि दुसरंही सांगतो. कऱ्हाडच्या त्या टपरीमागं जाऊन मी एकटा इतका हसलो होतो की चहा नाकातून आला. ते दुपट्यातलं पोरगं! तुझ्यासमोर मात्र तोंड वाकडं करून बसलो. ते हसू तुझं होतं, रफीक. तुला द्यायचं राहून गेलं.

तिसरा दिवस झाल्यावर मी पोरांना घेऊन तुझ्या दुकानात गेलो. भाभींनी कुलूप काढलं. मी शंभराचा बॅनर मागितला, तर त्यांनी रंगाचा डबा आणि ब्रशही काढून दिला. मी म्हणालो, "भाभी, रफीकचा एखादा फोटो?"

"कुठनं आणू, भाऊ? दुनियेचं फोटो लावलं त्यांनी, सोताचा एक काढू दिला न्हाई. आधार कार्डावरचा तेवढा हाय. त्यो लावलासा तर उठून बसतील."

मोह झाला होता, खरं सांगतो.

शेवटी त्या पांढऱ्या गोलात धनश्रीनं मार्करनं तुझा चेहरा काढला. चष्मा, दाढी, टोपी. मेंढपाळाच्या घरातला आहे म्हणून मला कळतं: ती शेळी आहे. चांगल्या जातीची, उस्मानाबादी, पण शेळीच. भाभींनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगदी बराबर हाय. सकाळी उठल्यावर असंच दिसायचं."

खालच्या पट्टीत नाव मी लिहिलं. तुझ्या ब्रशनं. रफीक, तू हे काम आयुष्यभर कसं केलंस? ब्रश माझ्या हातात मेंढरासारखा वागला, नेऊ तिकडं जाईचना. "गोल करणारा : रफीक." र तेवढा बरा आला. फी डोंगर चढतेय आणि क पलीकडच्या बाजूनं उतरतोय. वहीतही चढवलं तुला. क्रमांक शंभर. दाखला म्हणून पुढं लिहिलं, "बॅनरनं. वाऱ्याच्या पासवर."

परवा रविवारी सामना होता, आपल्याच पटांगणात. सगळे आले होते. धनश्रीचा बाप टपरी बंद ठेवून आला, ते पांढऱ्या दाढीचे चाचा खुर्ची घेऊन आले, भाभी लांब सावलीला उभ्या राहिल्या. मध्यंतराला मी बॅनर उलगडला. पोरांनी विचारलं, कुठं बांधायचा? मी म्हणालो, त्यांच्या गोलमागं. आपला गोल तिकडंच होणार.

चार गाठी मारायच्या होत्या. तीन मी मारल्या आणि चौथीशी आलो तेव्हा माझा हात थांबला. कारण अचानक मला तो साताऱ्याचा बांबू दिसला, आणि वादळात न सुटणारी तुझी गाठ दिसली, आणि तू नाव विचारत धावत येत होतास ते तोंड दिसलं. ब्रश तुझ्या हातात बॅनर सुटायच्या *आधीपासून* होता, हो ना? खरं सांग. ती गाठ सुटली की तू सोडलीस?

नको सांगू. मी आता विचारत नाही.

दुपार कलल्यावर वारा सुटला. आपण चार-शून्य मागं होतो. वर तुझी शेळी चष्म्यातून मैदानाकडं बघत फडफडत होती, आणि आसिफ चेंडू घेऊन निघाला होता. मी बाजूला उभा होतो, नियमाचं पुस्तक खिशात, तोंड एकदम गंभीर.

चौथी गाठ मी जरा सैलच मारली होती.